एक अंडे, एक कडा आणि एक दोर



दुकानातून अंडी आणली की घरातली बाई ती ताटात मोकळी ठेवत नाही. वाटीत ठेवते, नाहीतर तांदळाच्या डब्यात खोचून ठेवते. अंडे घरंगळते, हे लहान पोरालाही कळते. आता असा एक पक्षी डोळ्यांसमोर आणा, की जो आपले वर्षातले एकुलते एक अंडे तीन-चारशे फूट उंच कड्याच्या अरुंद कपारीत, उघड्या दगडावर घालतो. खाली काडी नाही, गवत नाही, पीस नाही. कपार संपली की थेट समुद्र. आणि अशा जागी नर-मादी पाळीपाळीने महिनाभर ते अंडे उबवतात.

या पक्ष्याचे नाव गिलेमॉट. अंगाने बदकापेक्षा लहान, पाठ गडद तपकिरी, पोट पांढरे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायरमध्ये, बेम्प्टन नावाचे एक खेडे आहे. त्या खेड्याजवळ खडूसारख्या पांढऱ्या दगडाचे कडे समुद्रात सरळ उभे आहेत. दर वर्षी वसंत ऋतूत सुमारे पाच लाख समुद्रपक्षी विणीसाठी तिथे गोळा होतात. त्यांना पाहायला आणि त्यांचे फोटो काढायला देशोदेशीची माणसे येतात.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचे आहे त्या परदेशातल्या कड्याशी? प्रश्न रास्त आहे. आज आपल्या प्रत्येक घरात मोबाईल आहे आणि प्रत्येक मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. आपली पोरे दिसेल त्याचा फोटो काढतात. पण एखादी सुंदर गोष्ट दिसली की ती घ्यायची, की नुसती पाहायची, हा प्रश्न या एका कड्यावर माणसांना दीडशे वर्षांपूर्वी पडला. त्याचे उत्तर मिळायला फार वर्षे लागली आणि त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली. ती हकिकत आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

कड्यावरची चाळ

कडा कसा दिसतो ते आधी सांगतो. आपल्याकडची भरलेली चाळ आठवा. एकेका खोलीत दहा-दहा माणसे, वर आवाज, खाली आवाज, कोणाचे भांडण, कोणाचे मूल रडते आहे. बेम्प्टनचा कडा म्हणजे समुद्रावर उभी केलेली अशीच चाळ. वास मात्र मासळीचा आणि शिटीचा, तोही वारा समोरून असेल तर दूरवर येणारा.

या चाळीत प्रत्येक जातीची खोली ठरलेली. रुंद कपारींवर गॅनेट. हा मोठा पांढरा पक्षी, डोके पिवळसर, पंखांची टोके काळी. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ सहा फूट भरतात. मासा दिसला की उंचावरून पंख मागे ओढून भाल्यासारखा पाण्यात सूर मारतो. इंग्लंडच्या मुख्य भूमीवर गॅनेटची एवढी एकच वसाहत आहे. १९६० च्या दशकात इथे त्यांच्या मोजक्याच जोड्या होत्या, २०१७ च्या मोजणीत १३,००० हून अधिक जोड्या भरल्या.

दगडाच्या भेगांमध्ये रेझरबिल आणि पफिन. पफिन म्हणजे रंगीत चोचीचा, विदूषकासारखा दिसणारा छोटा पक्षी. फोटो काढणारे सर्वांत आधी त्यालाच शोधतात आणि तोच सर्वांत कमी दिसतो. जिथे पाय ठेवायलाही जागा नाही अशा उभ्या भिंतीला किटीवेक हा कुरवांच्या जातीतला पक्षी चिखल आणि गवत थापून घरटे चिकटवतो. तो दिवसभर स्वतःचे नाव घेतो. ‘किटी-वेक, किटी-वेक’ असे ओरडतो, म्हणून त्याचे नाव किटीवेक.

आणि गिलेमॉट? ते खांद्याला खांदा लावून उभे असतात, लोकलच्या दारात माणसे उभी असतात तसे. एका चौरस मीटरमध्ये वीस-वीस पक्षी. एवढ्या गर्दीत आपले अंडे कोणते हे कसे ओळखायचे? निसर्गाने सोय केली आहे. प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग वेगळा. कुणाचे निळे, कुणाचे हिरवे, कुणाचे पांढरे, त्यावर काळ्या-तपकिरी रेघा आणि ठिपके. एक मादी जन्मभर त्याच रंगाचे अंडे घालते. अंड्याचे एक टोक चांगलेच निमुळते असते. त्यामुळे उतरत्या दगडावरही ते बऱ्यापैकी टिकून राहते.

पिलू अंड्यात असतानाच आई-बापाशी आवाजाने बोलू लागते, त्यामुळे बाहेर येते तेव्हा त्यांचा आवाज त्याच्या ओळखीचा झालेला असतो. तीन आठवड्यांचे झाले की, पंखांत उडण्याचे बळ नसतानाच, एका संध्याकाळी ते कड्यावरून खाली उडी मारते. बाप त्याला बोलावत असतो. हाकेला हाक मिळते, दोघे समुद्रात एकत्र येतात, आणि पुढे दोन महिने त्या पिलाला खाऊ घालायचे, शिकवायचे काम बाप एकटा करतो. मुलांना सांभाळणे हे फक्त आईचे काम, असे समजणाऱ्यांनी हा बाप एकदा जरूर पाहावा.

बंदूक आणि टोपी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या किनाऱ्यावर रेल्वे आली. रेल्वेबरोबर सुट्टी घालवणारे पैसेवाले आले. त्यांनी ब्रिडलिंग्टन आणि फ्लॅम्बरो इथून बोटी भाड्याने घ्यायच्या, कड्याखाली न्यायच्या आणि वर बंदुका झाडायच्या. पक्षी खाण्यासाठी नव्हे, नेमबाजीच्या मौजेसाठी. गोळी लागलेली आई खाली पडली की वर कपारीत पिलू उपाशी मरायचे. त्याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते.

पुढे त्यात फॅशनची भर पडली. शहरातल्या बायकांच्या टोप्यांवर पिसे, पंख, कधी अख्खा पक्षी लावण्याची चाल निघाली. किटीवेकच्या पांढऱ्या-राखाडी पंखांना चांगला भाव आला. जिवंत पक्ष्याचे पंख तोडून तो तसाच समुद्रात टाकून दिल्याच्या त्या काळच्या नोंदी आहेत. वाचताना अंगावर काटा येतो.

याविरुद्ध आवाज उठला. आल्फ्रेड न्यूटन या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी १८६८ साली शास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत हा विषय मांडला. ब्रिडलिंग्टनच्या धर्मगुरूंनी स्थानिक लोकांना एकत्र करून संघटना उभी केली. दर्यावर्दी लोकांचेही एक म्हणणे होते. दाट धुक्यात जहाजाला कडा दिसत नाही, पण पक्ष्यांचा कालवा ऐकू येतो आणि खलाशी सावध होतात. म्हणून तिथले लोक या पक्ष्यांना ‘फ्लॅम्बरोचे वाटाडे’ म्हणत. पक्षी मारणे म्हणजे वाटाड्या मारणे होते.

त्या भागाचे खासदार ख्रिस्तोफर साइक्स यांनी संसदेत विधेयक आणले आणि १८६९ साली समुद्रपक्षी संरक्षण कायदा झाला. १ एप्रिल ते १ ऑगस्ट या काळात समुद्रपक्षी मारायचे नाहीत, मारला तर पक्ष्यामागे एक पौंडापर्यंत दंड. जंगली पक्ष्यांसाठी ब्रिटनमध्ये झालेल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. पुढे १८८९ मध्ये एमिली विल्यमसन यांनी मँचेस्टरजवळ बायकांचीच एक संस्था काढली आणि पिसांच्या टोप्यांविरुद्ध प्रचार सुरू केला. ब्रिटनमधली आजची सर्वांत मोठी पक्षीसंरक्षक संस्था त्यातूनच वाढली. बेम्प्टनच्या कड्याची राखण आज तीच संस्था करते.

दोरावरचा माणूस

१८६९ च्या कायद्याने बंदूक थांबली, पण अंडी गोळा करण्यावर बंदी आली नाही. ते काम शेतमजूर करत. मे आणि जून हे दोन महिने तीन-चार जणांची टोळी कड्यावर जाई. वर जमिनीत लोखंडी पहार ठोकायची, कपारीच्या तोंडाशी कप्पी लावायची, आणि एकाने कमरेला दोर बांधून खाली उतरायचे. डोक्यात गवत भरलेली टोपी, दगड पडला तर वाचावे म्हणून. खांद्याला दोन पिशव्या. चांगल्या दिवशी एक टोळी तीन-चारशे अंडी वर काढी. कोणता कडा कोणत्या टोळीचा हे ठरलेले असे आणि बापाचा कडा मुलाकडे येई.

ही अंडी खाण्यासाठी विकली जात. साखर शुद्ध करायला आणि चकचकीत चामडे बनवायलाही त्यांतला पांढरा बलक वापरत. गरिबाच्या घरात चार पैसे येत. त्या मजुराला आपण कशाला दोष द्यावा? जीव दोरावर टांगून मिळवलेली ती कमाई होती.

परंतु आणखी एक गिऱ्हाईक होते. अंड्यांचे संग्राहक. हे लोक पैसेवाले, अंडी काचेच्या कपाटात लावून ठेवण्याची त्यांना हौस. दुर्मिळ रंगाच्या अंड्यासाठी ते चढाओढीने बोली लावत. त्यांत जॉर्ज लप्टन नावाचे एक वकील होते. बेम्प्टनच्या गिलेमॉटची हजाराहून अधिक अंडी त्यांनी जमवली.

मेटलँड नावाच्या एका कड्यावर एक मादी लाल रंगाचे अंडे घालीत असे. लाल अंडे फारच दुर्मिळ. मादी जन्मभर एकच रंग देते आणि दर वर्षी त्याच इंचभर जागेवर परत येते, हे मजुरांना शास्त्रज्ञांच्या आधी माहीत होते. १९११ सालापासून पुढे वीसहून अधिक वर्षे ती मादी दर वर्षी त्या जागी आली. दर वर्षी तिने लाल अंडे घातले. आणि दर वर्षी वरून दोर खाली आला.

बंधू-भगिनींनो, इथे जरा थांबा. वीस वर्षांहून अधिक काळ एका आईने संसार मांडला आणि तिचे एकही पिलू त्या कड्यावरून समुद्रात उतरले नाही. ती उपाशी मेली नाही, तिला कोणी गोळी घातली नाही. तिचा छळ कोणाच्या डोळ्यांवरही आला नसेल. फक्त तिची सुंदर गोष्ट दर वर्षी कोणीतरी घेतली.

लप्टन यांचा संग्रह आज लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या ट्रिंग इथल्या शाखेत आहे. अंडी रंगांप्रमाणे नीट मांडलेली आहेत, पण बहुतेकांसोबत तारीख आणि जागेची चिठ्ठीच नाही. ज्याने हयातभर कारकुनी केली त्याला हे लगेच कळेल. पावतीवर तारीख नसेल तर ती फाईलमध्ये ठेवून उपयोग काय? एवढी पिले गेली आणि शास्त्राच्या हाती जे यायला हवे होते तेही आले नाही. शेवटी १९५४ च्या पक्षीसंरक्षण कायद्याने बेम्प्टनचे दोर वर ओढले गेले.

दोर तोच, हातात कॅमेरा

दोर खाली सोडणारे सगळेच अंडी आणत नव्हते. यॉर्कशायरच्याच डोंगराळ भागात थ्वेट नावाच्या वाडीत मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याचे दोन मुलगे होते. थोरला रिचर्ड कीर्टन, धाकटा चेरी कीर्टन. रिचर्ड लहानपणी घरटी शोधताना झाडावरून पडला, कमरेचा सांधा निखळला आणि तो जन्माचा लंगडा झाला. त्याचे पक्ष्यांविषयीचे ज्ञान पाहून लंडनच्या एका प्रकाशकाने त्याला नोकरी दिली. मागाहून धाकटा भाऊही तिथेच लागला.

१८९२ साली चेरीने साध्या कॅमेऱ्याने एका घरट्याचा, त्यातल्या अंड्यांसह, फोटो काढला. दोघा भावांना वाट सापडली. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांमध्ये ते रानावनात जात. रिचर्ड लिहायचा, चेरी फोटो काढायचा. १८९५ मध्ये त्यांचे पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक आले. निसर्गातच काढलेल्या फोटोंनी सजवलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. १८९६ मध्ये ते स्कॉटलंडपलीकडच्या सेंट किल्डा बेटावर गेले. तिथली माणसे समुद्रपक्ष्यांवरच जगत. चेरी जड कॅमेरा पाठीला बांधून दोरावरून कड्याखाली उतरायचा. अंडे होते तिथेच राहायचे आणि त्याची प्रतिमा काचेच्या पट्टीवर वर यायची.

दोर तोच होता, धोकाही तोच होता. पण पक्ष्याच्या संसारातून एक काडीही कमी झाली नाही. आणि फोटो छापला गेल्यामुळे एका कपाटातली गोष्ट हजारो घरांत गेली. मेंढपाळाच्या मुलांनी ही वाट दाखवली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

फोटो काढणाऱ्याचे नियम

आता बेम्प्टनला दोराची गरज नाही. कड्याच्या माथ्यावर कठडे बांधलेले सज्जे आहेत. वारा समुद्रावरून आला की तो कड्याला आपटून वर चढतो, आणि त्यावर गॅनेट पंख न हलवता तुमच्या डोळ्यांसमोर तरंगत राहतो. कोपर कठड्यावर टेकावे आणि वाट पाहावी. उडत्या पक्ष्यासाठी कॅमेऱ्याचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून मंद नसावा. कडा उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळीच त्यावर ऊन पडते. पांढऱ्या पक्ष्याच्या बाबतीत कॅमेरा फसतो. मागे गडद समुद्र असला की तो प्रकाश जास्त घेतो आणि गॅनेटच्या जागी नुसता पांढरा डाग उमटतो. म्हणून प्रकाश थोडा कमी करावा लागतो.

पण सर्वांत मोठा नियम वेगळाच आहे. आपल्यामुळे पक्षी उठता कामा नये. गिलेमॉटचा थवा घाबरून एकदम उडाला तर अंडी कपारीवरून घरंगळतात आणि मोठे कुरव उरलेली पळवतात. म्हणजे फोटो काढणाऱ्याने हात न लावताही अंडे गेलेच. म्हणून कठड्यापलीकडे जायचे नाही, ड्रोन उडवायचा नाही, बोट कड्याला लगटायची नाही. एक चांगला फोटो हुकला तर उद्या दुसरा मिळेल. गिलेमॉटचे अंडे वर्षाला एकच.

मांडलेला हिशेब इथेच संपत नाही. आता जे नुकसान होते त्यात दोरही दिसत नाही आणि बंदूकही. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने ब्रिटनच्या किनाऱ्यावर गॅनेट हजारोंनी मेले. स्कॉटलंडमधील बास रॉक ही गॅनेटची जगातली सर्वांत मोठी वसाहत. तिथे २०१४ मध्ये ७५,००० हून अधिक घरटी होती, २०२३ मध्ये ती ५२,००० च्या आसपास आली. जे वाचले त्यांतल्या काहींचे फिकट निळे डोळे काळे झाले. कड्यावरच्या पक्ष्यांचे डोळे कोणीतरी बारकाईने पाहत होते, त्यांचे फोटो काढत होते, म्हणून हे लक्षात आले.

समुद्र तापतो आहे. सँडईल नावाची बोटभर लांबीची मासळी कमी झाल्याने किटीवेकची पिले उपाशी राहतात. २०१७ पासून हा पक्षी जगातल्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. २०२४ मध्ये उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडील भागात सँडईलची मासेमारी बंद करण्यात आली. गॅनेटच्या घरट्यांत नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे सापडतात. त्यांत पाय अडकून पक्षी मरतात. त्या जाळ्याचा तुकडा कोणी मुद्दाम तिथे ठेवला नव्हता, तो आपण फेकला होता.

आपल्याकडेही समुद्र आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटे आहेत. तिथे सुरय जातीचे समुद्रपक्षी वीण करतात आणि बेटावरच्या गुहेत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात. परदेशात या घरट्यांचे सूप करतात, म्हणून त्यांना मोठी किंमत. २००१ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथली घरट्यांची चोरी उघडकीला आणली आणि राखणीचे काम हाती घेतले. इथेही तेच घडत होते. कोणाच्या तरी ताटासाठी कोणाचा तरी संसार उचलला जात होता.

म्हणून या सुट्टीत पोरांना समुद्रावर, खाडीवर, नाहीतर जवळच्या तलावावर न्या. हातात मोबाईल असू द्या. पक्षी दिसला तर दुरून फोटो काढू द्या, पण आधी दहा मिनिटे नुसते बघायला लावा. तो काय खातो, कोणाला बोलावतो, पिलाला कोण भरवतो, ते विचारा. वहीत तारीख आणि ठिकाण लिहायला शिकवा. लप्टन वकिलांना जे जमले नाही ते तुमच्या पाचवीतल्या पोरीला सहज जमेल. आणि तिला त्या लाल अंड्याच्या आईची गोष्ट सांगा.

पुढील अंकी भेटूच.